पंख नसलेल्या वेट फ्लाय: सारखे विचारले जाणारे प्रश्न

फ्लाय म्हणजे हुकावर पीस, धागा, केस बांधून केलेला मासेमारीचा नकली किडा. ती बांधायला शिकणारी मंडळी ड्राय फ्लाय आणि निंफपर्यंत (निंफ म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या लहान किड्याची नक्कल) बरोबर येतात आणि वेट फ्लाय आली की गोंधळतात, कारण दिसायला एकसारख्या फ्लायला कोणी स्पायडर म्हणतं, कोणी सॉफ्ट हॅकल, कोणी फ्लिम्फ, आणि प्रत्येकाला आपलंच नाव बरोबर वाटतं. जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र टाकतोय. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत उरकलीत, चालवून घ्या.

वेट फ्लाय म्हणजे काय आणि "पंख नसलेली" म्हणजे नक्की काय नसलेली?

ड्राय फ्लाय पाण्यावर तरंगते, वेट फ्लाय पाण्यात बुडते, मूळ फरक एवढाच. जुन्या वळणाच्या बऱ्याच वेट फ्लायवर बदकाच्या किंवा तसल्या एखाद्या पक्ष्याच्या पिसाचे दोन तुकडे पाठीवर मागे झुकवून बांधलेले असतात, तो पंख. तो काढला की उरतं काय, तर हुकाच्या दांडीवर गुंडाळलेली बॉडी आणि तोंडाशी गोल फिरवलेलं एक पीस. या गोल फिरवलेल्या पिसाला हॅकल म्हणतात आणि अशा फ्लायचं निम्म्याहून जास्त काम तेच करतं. त्यामुळे नावांच्या भानगडीत पडण्याआधी तीन गोष्टी बघायची सवय लावा: पीस मऊ आहे की ताठ, किती फेरे आहेत, आणि ते हुकावर कुठे बसवलंय. सगळ्या स्टाइल या तीन गोष्टींतून निघतात.

पंखच नाहीत तर मासा ते किडा समजून खातो कशाला?

कारण पाण्याखाली माशाला जे किडे दिसतात त्यातल्या बहुतेकांचे पंख उघडलेले नसतातच. मेफ्लाय, कॅडिस हे किडे वाढतात पाण्याच्या तळाशी आणि मोठे झाले की वर यायला निघतात, त्या प्रवासात त्यांचे पंख अजून गुंडाळलेले असतात, पाय हलत असतात, कात अर्धवट निघालेली असते, आणि ट्राउट ही गार पाण्यातली मासळी नेमकी तेव्हाच टपून बसलेली असते कारण किडा तेव्हा धड पळूही शकत नाही. शिवाय काही मेफ्लायच्या माद्या अंडी घालायला स्वतःहून पाण्याखाली उतरतात, काही किडे उडता उडता पडतात आणि बुडतात. या सगळ्यांचं पाण्यातलं रूप म्हणजे एक बारीक अंग आणि भोवती काहीतरी वळवळणारं. मऊ पिसाचे तंतू प्रवाहात तसेच वळवळतात. नीट कापून बसवलेला पंख तेवढा हलत नाही, तो आपल्याला बघायला छान दिसतो.

ही काही नवीन अक्कल नाही. यॉर्कशायरच्या टी. ई. प्रिटने १८८५ मध्ये तिकडच्या ट्राउट फ्लायवर पुस्तक काढलं त्यातल्या बहुतांश फ्लाय बिनपंखीच होत्या, आणि ज्या नद्यांवर त्या वापरात होत्या तिथे त्या त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेल्या होत्या.

नॉर्थ कंट्री स्पायडर म्हणजे कोळी का?

नाही हो, कोळ्याशी काही संबंध नाही, लांब पायांसारखे तंतू दिसतात म्हणून ते नाव पडलं. उत्तर इंग्लंडमधल्या, म्हणजे यॉर्कशायरच्या वेगवान खडकाळ नद्या, व्हार्फ, निड, युअर वगैरे, तिथली ही पद्धत आणि सगळ्या प्रकारांत सगळ्यात कमी सामानाची. बॉडी म्हणजे नुसतं रेशीम, फार तर त्यावर केसांची इतकी पातळ डबिंग (म्हणजे धाग्याभोवती वळलेले केस) की खालचा रंग दिसला पाहिजे. बॉडी पण हुकाच्या टोकाच्या जवळपास थांबवायची, वळणापर्यंत न्यायची नाही. पुढे एखाद्या रानपक्ष्याचं मऊ पीस, दीड ते दोन फेरे, झालं.

तीन फ्लाय ओळखल्या तर ही अख्खी परंपरा कळते. पार्ट्रिज अँड ऑरेंज: नारिंगी रेशीम आणि पार्ट्रिजचं, म्हणजे तिकडच्या तित्तराचं, तपकिरी ठिपक्यांचं पीस. स्नाइप अँड पर्पल: जांभळं रेशीम आणि स्नाइपच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूचं छोटं काळपट पीस. आणि वॉटरहेन ब्लोआ: पिवळ्या रेशमावर चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याचे राखाडी केस अगदी चिमूटभर, आणि पाणकोंबडीच्या पंखाच्या आतल्या बाजूचं धुरकट पीस. ही तिसरी थंडीच्या दिवसांत निघणाऱ्या गडद ऑलिव्ह मेफ्लायसाठी आहे आणि माझ्या मते तिघींत सगळ्यात हुशारीने रचलेली तीच, कारण पिवळं रेशीम मेणाने आणि पाण्याने हिरवट होतं, वरच्या राखाडी केसांतून ते अंधुक दिसतं आणि खऱ्या किड्याचा रंग जवळपास तसाच असतो. कोरडी असताना बघाल तर म्हणाल काय ही मरगळलेली फ्लाय. बांधून झाली की पेल्यात पाणी घेऊन त्यात बुडवून बघा.

एडमंड्स आणि ली या यॉर्कशायरच्याच जोडीने १९१६ मध्ये या फ्लायच्या कृती रंग आणि पिसाच्या जागेसकट छापल्या आणि आजही लोक भांडायला लागले की शेवटी तिथेच जाऊन बघतात.

मग स्टुअर्टचा स्पायडर वेगळा का धरतात? तोही स्पायडरच ना?

हो, पण हॅकलची जागा वेगळी. डब्ल्यू. सी. स्टुअर्ट हा एडिनबरोचा वकील, स्कॉटलंडच्या बॉर्डर भागातल्या नद्यांवर मासेमारी करायचा, १८५७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचे स्पायडर तीनच, काळा, लाल आणि डन (म्हणजे मातकट राखाडी). काळ्याला स्टारलिंगचं छोटं चमकदार काळं पीस आणि तपकिरी रेशीम. त्याने याचं श्रेय जेम्स बेली नावाच्या तिथल्याच एका पट्टीच्या मच्छीमाराला दिलंय.

आता गंमत अशी की यॉर्कशायरवाले हॅकल फक्त तोंडाशी फिरवतात आणि स्टुअर्ट ते धाग्याबरोबर पीळ घालून बॉडीच्या पुढच्या निम्म्या भागावरून मागे नेतो. त्यामुळे दोन गोष्टी होतात, एक म्हणजे पिसाची काडी धाग्यात अडकते म्हणून फ्लाय जास्त टिकते (मऊ पिसं माशाच्या दाताने पटकन तुटतात ही त्याचीही तक्रार होती), आणि दुसरी जी मला जास्त महत्त्वाची वाटते ती म्हणजे तंतू एका कड्यात न राहता अंगभर विखुरतात, त्यामुळे फ्लाय प्रवाहाबरोबर खाली वाहत येत असतानाही, म्हणजे दोरीला ताण नसतानाही, तंतू मिटून बॉडीला चिकटत नाहीत. स्टुअर्ट प्रवाहाच्या विरुद्ध, वरच्या दिशेला फेकायचा आणि फ्लाय मोकळी वाहू द्यायचा. यॉर्कशायर स्पायडरही वर फेकून वापरतातच, पण स्टुअर्टची बांधणी खास त्या कामाची आहे. नुसती बांधणी शिकून उपयोग नाही, ती कशी फेकायची होती ते पण बघायला लागतं.

आजकाल बाजारात "स्टुअर्ट ब्लॅक स्पायडर" म्हणून जे मिळतं त्यातल्या बऱ्याच फ्लायवर हॅकल फक्त तोंडाशी असतं. मासे मिळतील त्यावर, पण ती स्टुअर्टची नाही.

सॉफ्ट हॅकल म्हणजे स्पायडरचंच अमेरिकन नाव का?

बऱ्यापैकी हो. सिल्व्हेस्टर नीम्सने १९७५ मध्ये या नावाचं पुस्तक लिहिलं आणि तिकडे परत लाट आली. फरक काढायचाच तर अमेरिकन सॉफ्ट हॅकलमध्ये बॉडी थोडी भरलेली असते, मोराच्या पिसाचे तंतू, सशाचे केस, तार, काहीही चालतं, आणि हॅकलच्या लगेच मागे डबिंगचा छोटा गोळा करतात ज्याला थोरॅक्स म्हणतात. तो गोळा फक्त दिसायला नसतो, मऊ तंतू मागे झोपून बॉडीला चिकटू नयेत म्हणून त्यांना आधार देतो. जोराच्या पाण्यात याचा फरक पडतो.

फ्लिम्फ हे काय नवीन?

नवीन नाही, नाव तेवढं नंतरचं. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनचे जेम्स लायझनरिंग, ब्रॉडहेड्स क्रीकवर मासेमारी करायचे, त्यांनी व्हर्नन म्हणजेच पीट हायडी यांना बरोबर घेऊन १९४१ मध्ये वेट फ्लाय बांधण्यावर एक छोटं पुस्तक काढलं. ते काही फार गाजलं नाही. लायझनरिंग गेल्यानंतर हायडींनी १९७१ मध्ये ते वाढवून परत काढलं आणि निंफ सोडून फ्लाय होण्याच्या मधल्या अवस्थेतल्या किड्यासाठी त्यांनी हे नाव वापरलं.

बांधणीत जीव आहे तो बॉडीत. रेशमाचा धागा, त्यात केस ठेवून पीळ घालायचा आणि ती केसाळ दोरी आधीच बनवून ठेवायची. लायझनरिंग स्वतः मांडीवर धागा वळून हे करायचे, नंतर त्यासाठी खाचा असलेला लाकडी ठोकळा आला आणि बनवलेल्या बॉड्या पुठ्ठ्याच्या कार्डावर लावून ठेवायची पद्धत पडली, अजूनही हौशी लोक ठेवतात. साध्या डबिंगसारखे केस इथे धाग्याभोवती घट्ट गुंडाळलेले नसतात, ते दोन पदरांच्या मध्ये अडकून बाहेर उभे राहतात. त्यामुळे पाण्यात गेल्यावर केसांत हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, मधून रेशमाचा रंग झिरपतो आणि कात टाकणाऱ्या किड्याभोवती जी चमक असते ती येते. हॅकल स्पायडरपेक्षा जरा जास्त, दोन-तीन फेरे, कोंबडीचं किंवा मऊसर कोंबड्याचं, आणि धागा त्यातून पुढे-मागे काढून पक्कं केलेलं, म्हणजे तंतू थोडे थोरॅक्समध्ये शिरलेले.

दुकानात कुठलीही केसाळ वेट फ्लाय फ्लिम्फ म्हणून विकतात त्याचा मला राग येतो. बॉडी अशा पीळ घातलेल्या केसाळ दोरीची नसेल आणि उजेडात धरल्यावर कडेने प्रकाश येत नसेल तर ती साधी डबिंगवाली वेट फ्लाय आहे, चांगली असेल, पण फ्लिम्फ नाही.

शेपटी, तार, पूर्ण लांबीची बॉडी आणि पुढे हॅकल, याला काय म्हणायचं?

साधी हॅकल्ड वेट फ्लाय म्हणा. काही लोक "विंगलेस वेट" हे नाव फक्त याच गटासाठी राखून ठेवतात. ब्लॅक पेनेल, वेल्सची कॉख-अ-बॉन्डी, अमेरिकेतली मोरपिसाच्या बॉडीची ब्राउन हॅकल, या सगळ्या यात. हॅकल बहुधा कोंबडीचं, कधी कोंबड्याचं, रानपक्ष्याच्या पिसापेक्षा जरा ताठ. तळ्यासाठी ब्लॅक अँड पीकॉक स्पायडर बघा, इंग्लंडच्या टॉम आयव्हन्सने १९५०च्या दशकात लोकप्रिय केलेली: मोरपिसाच्या तंतूंची जाडसर बॉडी, पुढे काळं कोंबडीचं हॅकल. नावात स्पायडर असलं तरी बांध्याने ती या गटातली, आणि पाण्यातल्या गोगलगायी खाणाऱ्या माशांना ती हमखास आवडते. नवशिक्याने पहिली फ्लाय म्हणून हीच बांधावी असं मी सांगतो, सामान दोनच, आणि जाडसर असल्याने हाताला जमते.

पामर आणि बंबल?

इथे हॅकल बॉडीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सर्पिलाकार फिरवलेलं असतं आणि वरून उलट दिशेने तार घेऊन ते दाबलेलं असतं. पामर हा फार जुना प्रकार. इथे पीस मुद्दाम ताठ घेतात, कोंबड्याचं, कारण काम वेगळं आहे: स्कॉटलंड-आयर्लंडच्या मोठ्या सरोवरांत वाऱ्यावर वाहत जाणाऱ्या बोटीतून पुढे फेकायचं आणि एका दोरीवर लावलेल्या फ्लायपैकी सगळ्यात वरची लाटांच्या माथ्यावरून ओढायची, तिने पाण्यात खळबळ करायची. मऊ पीस तिथे नुसतं लोळागोळा होईल.

बंबल हे आयर्लंडचे न्यायमूर्ती टी. सी. किंग्समिल मूर यांचं काम. बॉडीवर एक नाही तर दोन वेगवेगळ्या रंगांची हॅकल एकत्र फिरवायची आणि खांद्याशी 'जे' नावाच्या पक्ष्याचं निळं पीस. क्लॅरेट बंबल आणि गोल्डन ऑलिव्ह बंबल या दोन आजही तिकडे कुठल्याही बोटीत सापडतील. 'जे'च्या ऐवजी निळं रंगवलेलं गिनी फाउलचं पीस सर्रास चालतं.

जपानी केबारी यात येते का?

येते की. केबारी म्हणजे जपानी फ्लाय, आणि साकासा केबारी म्हणजे हॅकल उलटं, पुढे हुकाच्या डोळ्याकडे (दोरी बांधायच्या भोकाकडे) झुकवलेलं, वाऱ्यात उलटी झालेली छत्री असते तसं. टेंकारा या तिकडच्या मासेमारीच्या पद्धतीत रीळ नसतं, लांब काठी आणि तिच्या टोकाला ठरावीक लांबीची दोरी, जपानच्या डोंगरी ओढ्यांतल्या इवाना, यामामे, आमागो या माशांसाठी. काठीचं टोक हलकं हलवलं की पुढे झुकलेले तंतू मिटतात-उघडतात, आणि फ्लाय जागच्या जागी श्वास घेतल्यासारखी दिसते. २००९ मध्ये डॅनियल गालार्दोने अमेरिकेत टेंकाराची कंपनी काढली तेव्हापासून बाहेरच्या जगाला हे माहीत झालं. इटलीत सेझिया नदीच्या खोऱ्यातही बिनरिळाची लांब काठी आणि बिनपंखी फ्लायच आहेत, जपानचा काही संबंध नसताना. डोंगरातलं पाणी लोकांना एकाच उत्तराकडे नेतं बहुतेक.

तोंडाशी मणी घातला तर तीही सॉफ्ट हॅकल का?

मासे पकडते, वाद नाही. पण मणी आला की फ्लाय तळाकडे तोंड करून पडते आणि या प्रकाराची सगळी मजा वरच्या वीतभर पाण्यात आहे. खोल जायचंय तर सरळ निंफ लावा ना.

हॅकलचे फेरे नक्की किती आणि लांबी किती?

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. स्पायडर आणि सॉफ्ट हॅकलला दीड-दोन. नवीन माणूस चार-पाच फेरे मारतो कारण दोन फेऱ्यांची फ्लाय अर्धवट राहिल्यासारखी वाटते, आणि मग ती दाट फ्लाय पाण्यात बुडायलाच तयार नसते, बुडली तरी सगळे तंतू एकमेकांना दाबतात आणि एकही नीट हलत नाही. तंतू मोजता आले पाहिजेत इतकं विरळ ठेवा. सोपा उपाय म्हणजे पिसाच्या एका बाजूचे तंतू आधीच ओढून टाकायचे, मग दोन फेरे मारले तरी दाटी होत नाही.

लांबी साधारण हुकाच्या वळणापर्यंत, किंचित पुढे गेली तर आभाळ कोसळत नाही. पीस टोकाकडून बांधायचं म्हणजे काडी बारीक असते आणि फेरा सुबक बसतो. फिरवताना प्रत्येक फेऱ्याला तंतू बोटांनी मागे सारा नाहीतर ते एकमेकांखाली चिरडतात. आणि डोळ्यामागे धाग्यासाठी जागा सोडा, आधीच सोडा, कारण शेवटी डोकं बांधायला जागाच उरत नाही ही कम्प्लेंट दर दुसऱ्या माणसाची असते.

पीस मोठं आणि हुक छोटा असेल तर?

पार्ट्रिजच्या बाबतीत कायम होतं हे, १६ नंबरच्या हुकाला (नंबर जितका मोठा तितका हुक छोटा) बसेल असं पीस अख्ख्या कातड्यावर थोडंच असतं. मोठ्या पिसाचे तंतू जुडी करून काढा, हव्या त्या लांबीला डोळ्यामागे धरा, दोन सैल फेरे मारून धागा हळू ताणा, तंतू आपोआप दांडीभोवती पसरतात. थोडं बोटाने ढकलायला लागतं. फिरवलेल्या हॅकलइतकं सुंदर नाही दिसत, माशाला चालतं.

रेशीमच लागतं का? पॉलिएस्टर नाही चालणार?

चालतं, पण रेशीम ओलं झालं की थोडं पारदर्शक होतं आणि खालच्या हुकाचा काळपटपणा त्यातून वर येतो, म्हणून नारिंगी रंग पाण्यात गडद विटकरी होतो. पॉलिएस्टर कोरडं असतं तसंच पाण्यात दिसतं. ही जुनी पॅटर्न रेशीम गृहीत धरून ठरवलेली आहेत त्यामुळे रंगाच्या नावावर जाऊन पॉलिएस्टर घेतलं तर फ्लाय भडक होते, एक-दोन छटा गडद घ्या. पूर्वी सगळे पिअर्सलचं गॉसमर वापरायचे, ते बनणं बंद झालं आणि जुन्या रिळांना आता लोक वेड्यासारखे पैसे मोजतात, त्या नादी लागू नका. भरतकामाचं बारीक रेशीम एका पदराने घेतलं तर काम होतं. धाग्याला मेण लावा, पकड येते. आणि रिबिंगला, म्हणजे बॉडीवरून गुंडाळायच्या तारेच्या जागी, बारीक जर वापरा, आपल्याकडे ती सोनेरी-चंदेरी दोन्ही सहज मिळते.

भारतात ही पिसं आणायची कुठून? रानात पडलेली उचलली तर चालतात का?

हा प्रश्न हलक्यात घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडचे जवळजवळ सगळे रानपक्षी संरक्षित आहेत, आणि पक्षी मारलाच नाही, पिसं नुसती सापडली, हा बचाव करत बसायची वेळ येऊ देऊ नका. म्हणजे तित्तर नाही, पाणकोंबडी नाही, हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या या स्टारलिंगच्याच घराण्यातल्या, त्याही नाहीत. रानसशाचे केसही नाहीत. सह्याद्रीतला राखी रानकोंबडा तर या छंदामुळेच जगभर ओळखला गेला, त्याच्या मानेवरच्या मेणासारख्या ठिपक्यांच्या पिसांना साल्मन फ्लायवाले जीव टाकायचे आणि इथून माल बाहेर जायचा, ते आता बंद आहे आणि बंदच राहायला पाहिजे. मोराची आपोआप गळलेली पिसं देशात ठेवता येतात, बाहेर पाठवता येत नाहीत. बाहेरून पिसं मागवाल तर कस्टम्समध्ये अडकू शकतात, आधी नियम विचारून घ्या.

पण खरं सांगायचं तर गरज कोणाला आहे? गावठी कोंबडी घ्या. तिच्या पाठीवरची आणि मानेच्या खालची पिसं मऊ असतात, तपकिरी ठिपक्यांची एखादी मिळाली तर पार्ट्रिजच्या जवळ जातात, काळी मिळाली तर काळ्या स्पायडरला. ब्रॉयलरच्या पांढऱ्या पिसांना रंग द्यायला लागतो. बदक आणि टर्की पण आहेत, डबिंगला पाळीव सशाचे केस. चिकनच्या दुकानात सांगून ठेवलं तर देतात, विचित्र नजरेने बघतात तेवढं सहन करायचं. घरी आणून साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरला, म्हणजे त्यातल्या किड्यांची अंडी मरतात. घरात सांगून ठेवा पिशवीत काय आहे.

हुक कुठला?

स्पायडरसाठी १२ ते १६ नंबर, साधी लांबी, तार फार जाड नको. फ्लिम्फला हलकी तार म्हणजे ती वरच्या पाण्यात राहते. पामरला १० किंवा ८ पण चालतो. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा सोडायला सोपं जातं.

फेकायची कशी?

सगळ्यांना माहीत असलेली रीत म्हणजे प्रवाहाला आडवी, थोडी खालच्या दिशेला फेकायची आणि दोरी ताणली जाऊन फ्लाय अर्धवर्तुळात फिरू द्यायची. काम होतं, पण फ्लाय फार जोरात ओढली जाते आणि छोटे मासेच जास्त लागतात. दोरीचा पोट आलेला भाग काठीने उचलून वरच्या बाजूला टाकत राहा, वेग कमी होतो.

लायझनरिंगची रीत शिकण्यासारखी आहे. मासा कुठे आहे ते ओळखायचं, त्याच्या बरीच वर फ्लाय टाकायची, बुडू द्यायची, काठीने तिच्या मागोमाग यायचं आणि माशाच्या थोडं आधी काठी थांबवायची. दोरी ताणली की फ्लाय आपोआप वर उचलली जाते, हॅकल उघडतं, आणि माशाला वाटतं जेवण पळून चाललंय. यात हाताने ओढायचं काही नसतं, पाणीच सगळं करतं. फ्लिम्फ यासाठीच. स्टुअर्टचा स्पायडर वर फेकून मोकळा वाहू द्या, आणि तेव्हा दोरीच्या टोकाकडे डोळे लावून बसा कारण चावा हाताला कळत नाही, दोरी क्षणभर अडखळल्यासारखी होते तेवढंच. यॉर्कशायरमध्ये एका दोरीवर तीन-तीन स्पायडर लावतात, नवीन असाल तर एकच लावा, गुंता सोडवण्यातच संध्याकाळ जाईल.

महाराष्ट्रात याचा काही उपयोग आहे का?

आपल्याकडे ट्राउट नाही, पाणी तेवढं गार नाही. ट्राउटसाठी हिमाचलात तीर्थन, बरोट, किंवा काश्मीर, तिथली ब्राउन ट्राउट १९००च्या सुमाराला स्कॉटलंडहून आणलेल्या माशांपासूनची, म्हणजे स्टुअर्टच्या स्पायडरला ती परकी नाही असं गमतीने म्हणता येईल. नाहीतर निलगिरी, तिथे रेनबो. सगळीकडे मत्स्य विभागाचं परमिट लागतं आणि विणीच्या काळात बंदी असते, तारखा निघायच्या आधी विचारा. सह्याद्रीतल्या नद्यांत बार्ब जातीचे छोटे मासे पाण्यातले किडे खातात आणि १४-१६ नंबरचा काळा स्पायडर बघतात, हलक्या काठीवर मजा येते. धरणाच्या पाण्यात आणि नदीच्या राखीव पट्ट्यांत परवानगी कोणाची ते मात्र आधी बघा.

सुरुवातीला किती आणि कुठल्या बांधू?

ब्लॅक अँड पीकॉक, काळा स्पायडर, पार्ट्रिज अँड ऑरेंजची कोंबडीच्या पिसातली आवृत्ती. या तिन्ही हाताला बसेपर्यंत चौथीकडे बघू नका. फ्लिम्फची बॉडी जमायला वेळ लागतो, ती नंतर.

या फ्लाय टिकतात किती?

कमी. मऊ पीस आहे, तीन-चार माशांत तंतू तुटायला लागतात. बॉडीखाली हुकाच्या दांडीवर वार्निशचा पातळ हात दिला आणि काडीवरून धाग्याचा एक फेरा घेतला तर आयुष्य वाढतं. तंतू अर्धे गेलेली फ्लाय फेकू नका, विरळ झाली की बऱ्याचदा आधीपेक्षा चांगली चालते. ओली डबीत ठेवू नका, हुक गंजतो आणि नारिंगी रेशमावर गंजाचा डाग पडतो. घरी आल्यावर डबी उघडी ठेवून वाळवा, आणि पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका, बुटांच्या खोक्यात येते ती चालेल.